लाइट गेल्यावर मासे जगवायचे कसे: खान्देशातल्या घरगुती टाकीसाठी बॅकअपची निवड

बॅकअप घ्यायला निघालेला माणूस दुकानात जाऊन बहुतेक वेळा हेच विचारतो: "तीन फुटी टाकीला किती व्हीएचा इन्व्हर्टर लागेल?" तिथूनच हिशेब फुगत जातो. दिवा, हीटर, चिलर, मोठा फिल्टर हे सगळं काही तास बंद राहिलं तरी मासे मरत नाहीत. पाण्यातला ऑक्सिजन संपला की मरतात. तो टिकवायला लागणारी हवा दीड ते पाच वॅटमध्ये मिळते, म्हणजे घरातल्या एका एलईडी बल्बपेक्षाही कमी विजेत. म्हणून आधी हवेची सोय लावायची, मग तिला पुरेल एवढी बॅटरी निवडायची. हा क्रम उलटा झाला की पैसा जास्त जातो आणि मे महिन्यात मासेही जातात.

उन्हाळ्यात हातात किती वेळ असतो

पाणी जितकं गरम, तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो. २५ अंशाला लिटरमागे जास्तीत जास्त ८.३ मिलीग्रॅम, ३० अंशाला ७.६ आणि ३५ अंशाला ७ च्या आसपास. त्याच वेळी गरम पाण्यात माशाचा श्वास वाढतो, कारण त्याच्या शरीराचं तापमान पाण्याबरोबर चढतं. म्हणजे साठा घटतो आणि खर्च वाढतो, दोन्ही एकदमच.

अंदाजासाठी एक हिशेब मांडू. टाकीत १०० लिटर पाणी आहे, तापमान ३२ अंश आणि मासे मिळून अर्धा किलोचे, म्हणजे दोन वाढलेले गोल्डफिश. पाण्यात साधारण ७३० मिलीग्रॅम ऑक्सिजन आहे. लिटरमागे ३ मिलीग्रॅमच्या खाली गेलं की मासे वर येऊन तोंड मारू लागतात, म्हणून वापरता येण्याजोगा साठा ४३० मिलीग्रॅमचा. या आकाराचे मासे एवढ्या उष्णतेत तासाला दीडशेच्या आसपास खर्च करतात असं धरलं तर हातात तीन तास उरतात. पृष्ठभागातून थोडी हवा मिसळत राहते, त्यामुळे वेळ थोडा वाढतो. पण तळाला साचलेली घाण, फिल्टरमधले जिवाणू आणि रात्री झाडंसुद्धा ऑक्सिजन खातात, त्यामुळे तो परत घटतो. हीच टाकी २५ अंशाला असती तर पाच-साडेपाच तास निघाले असते.

जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा पत्र्याच्या खोलीतली टाकी दुपारी ३४ अंशाला सहज पोचते. तिथे तीन तासही धरू नका. धाब्याच्या घरात किंवा स्लॅबखाली उत्तरेच्या भिंतीला लागून असलेली टाकी दोन-तीन अंश थंड राहते, आणि तेवढ्या फरकाने वेळ बराच वाढतो. टाकी अजून मांडलीच नसेल तर जागा निवडणं हाच सगळ्यात स्वस्त बॅकअप आहे.

कोणते मासे आहेत यावरही अवलंबून आहे. फायटर आणि गुरामी वरची हवा थेट घेतात, त्यांना झाकण आणि पाणी यांच्यात दोन-तीन इंच मोकळी जागा असली की पुरतं. प्लेको आणि कोरीडोरसही वर येऊन हवेचा घोट घेतात. गोल्डफिश, मोठे ऑस्कर आणि फ्लॉवरहॉर्न मात्र आधी अडचणीत येतात. एका टाकीत लहान-मोठे मासे एकत्र असतील तर मोठा मासा आधी जातो. लहान माशांचं चाललंय म्हणून निर्धास्त राहू नये.

तुमच्याकडे लाइट किती वेळ जाते

शहरात फीडर ट्रिप होतो, तासाभरात लाइट येते. देखभालीसाठी महावितरणचा मेसेज येतो तेव्हा चार-सहा तास धरावे. मे-जूनच्या वळवाच्या वादळात रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या बागा आडव्या होतात तेव्हा खांब आणि ताराही पडतात, आणि त्या वेळी बारा तासांचा हिशेब ठेवावा लागतो. गावात डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाली तर नवीन डीपी येऊन बसेपर्यंत दोन-तीन दिवस जाऊ शकतात. मळ्यातल्या घराला शेतीपंपाच्या फीडरवरून लाइन असेल तर दिवसातले कितीतरी तास लाइट नसणं हेच नेहमीचं, तिथे टाकी कायम बॅटरीवरच चालते असं समजून मांडणी करा.

मागच्या उन्हाळ्यात सलग जास्तीत जास्त किती तास लाइट गेली होती ते आठवा आणि त्याच्या दीडपट वेळेची तयारी ठेवा. सरासरी काढून उपयोग नाही, मासे सरासरीने मरत नाहीत.

आधी हवेची जोडणी

टाकीत टॉप फिल्टर, काठाला टांगलेला हँग-ऑन किंवा बाहेरच्या बंद डब्याचा कॅनिस्टर काहीही असो, त्याच्या जोडीला हवेवर चालणारा एक स्पंज फिल्टर कायम ठेवा. नुसत्या एअर स्टोनने, म्हणजे बुडबुडे सोडणाऱ्या सच्छिद्र दगडाने, ऑक्सिजन मिळतो. स्पंज फिल्टरने ऑक्सिजन तर मिळतोच, शिवाय अमोनिया पचवणारे जिवाणूही जिवंत राहतात, कारण त्यांना वाहतं पाणी लागतं. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याचा सामू (पीएच) बहुधा साडेसातच्या वर असतो. सामू आणि तापमान दोन्ही चढे असले की तेवढाच अमोनिया जास्त विषारी ठरतो. म्हणून लांबलेल्या लोडशेडिंगमध्ये मासे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मरतात, आणि दोष मात्र उन्हाला दिला जातो.

स्पंज नवा असेल तर निदान महिनाभर आधीच टाकीत चालू ठेवा. लाइट गेल्यावर डब्यातून काढलेल्या कोऱ्या स्पंजमध्ये जिवाणू नसतात.

दोन फुटी टाकीला, म्हणजे साठ-सत्तर लिटरला, एक मध्यम स्पंज पुरतो. तीन फुटी टाकीत दीडशेच्या आसपास लिटर असतात, तिथे एक मोठा किंवा दोन मध्यम. चार फुटी टाकीला दोन मोठे, दोन टोकांना.

नेहमीचा एअर पंप आणि बॅटरीचा पंप, दोघांची नळी एकाच स्पंजला द्यायची तर टी-जॉइंट वापरा आणि टी-च्या आधी प्रत्येक नळीत हवा एकाच दिशेने जाऊ देणारा स्वतंत्र नॉन-रिटर्न व्हॉल्व बसवा. एकच व्हॉल्व टी-च्या पुढे लावला तर चालू पंपाची हवा बंद पडलेल्या पंपातून उलटी निघून जाते आणि स्पंजला काहीच पोचत नाही. बॅटरीचा पंप चालतोय, आवाज येतोय, पण बुडबुडे नाहीत, या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच निघतं. व्हॉल्ववर बाणाची खूण असते, बाण टाकीकडे हवा. खूण नसेल तर फुंकून बघा.

व्हॉल्व नसेल आणि पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवलेला असेल तर लाइट गेल्यावर टाकीतलं पाणी नळीतून उतरून पंपात आणि तिथून बोर्डात जातं. पंप शक्यतो पाण्याच्या पातळीच्या वर, भिंतीला टांगून ठेवा. वायरीला सॉकेटच्या खाली थोडा झोल द्या, म्हणजे ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये न जाता झोलावरून खाली गळेल.

छोटे यूएसबी पंप खोल पाण्यात दम टाकतात. पंधरा इंचांच्या खाली बहुतेकांची हवा अगदी मंद होते. उंच टाकीत बॅकअपचा एअर स्टोन तळाला न ठेवता आठ-दहा इंच खोलीवर लटकवा. पाणी जड असेल तर दगडाची भोकं क्षाराने बुजतात, दोन महिन्यांनी तो काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा आणि स्वच्छ धुऊन परत बसवा.

यूएसबी पंप आणि पॉवर बँक

दोन-तीन फुटी टाकीसाठी आमची पहिली पसंती हीच. ५ व्होल्टचा पंप एक ते अडीच वॅट घेतो. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेवरचा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, म्हणजे ३७ वॅट-तास. ५ व्होल्ट बनवताना होणारी गळती आणि सेलचं वय धरून त्यातले २४ हातात येतात. दीड वॅटचा पंप त्यावर सोळा तास चालतो. २०,००० ची घेतली तर सव्वा दिवस. स्वस्तातल्या पॉवर बँकेवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. पाठीमागे बारीक अक्षरात वॅट-तास आणि ५ व्होल्टवरची 'रेटेड' क्षमता छापलेली असते, हिशेब तिच्यावरून करा.

तीन गोष्टी अडवतात. पहिली, काही पॉवर बँका फार कमी करंट खेचला गेला की मोबाइल भरला असं समजून स्वतः बंद पडतात. अर्ध्या वॅटचा अगदी छोटा पंप लावला की हे घडतं. विकत घेण्याआधी पंप जोडून निदान अर्धा तास चालू ठेवून बघा. दुसरी, चार्जिंगला लावलेली असताना बाहेर वीज देणं सगळ्यांना जमत नाही. काहींना जमतं, पण लाइट गेल्या क्षणी त्या एकदा बंद होतात आणि बटण दाबेपर्यंत परत चालू होत नाहीत. तुम्ही घरी असाल तरच ही सोय, शाळेत किंवा कामावर असाल तर नाही. तिसरी, ऊन. लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये. पत्र्याखालच्या खोलीत, खिडकीच्या कट्ट्यावर किंवा टाकीच्या गरम झाकणावर पॉवर बँक ठेवू नका.

आत बॅटरी असलेले, लाइट गेली की आपोआप सुरू होणारे एअर पंपही मिळतात. ते कुठल्या सॉकेटला लावायचे हा विचार फार कोणी करत नाही. घरात इन्व्हर्टर असेल आणि पंप इन्व्हर्टरच्या लाइनवर लावला तर लाइट गेल्यावर तो गप्प राहतो, कारण त्याच्या दृष्टीने वीज आहे. इन्व्हर्टरची बॅटरी संपली की मग पंप सुरू होतो. हा दोष नाही, दुसरी फळी म्हणून अशीच जोडणी हवी. इन्व्हर्टर नसेल तर सरळ मेन लाइनवर.

गावात व्होल्टेज १५० पर्यंत उतरतं तेव्हा मात्र हा पंप फसतो. सॉकेटमध्ये थोडी वीज आहे म्हणून तो सुरू होत नाही, आणि नेहमीचा पंप एवढ्या व्होल्टेजवर नुसता गुरगुरतो. व्होल्टेज पडण्याचा त्रास असेल तर बॅटरीचा पंप हाताने चालू करण्याची सवय घरातल्या सगळ्यांना लावा, किंवा तो चोवीस तास चालूच ठेवा.

वायफाय राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस हा आणखी एक चांगला पर्याय. लाइट जाताना तो क्षणभरही थांबत नाही, आणि ५ व १२ व्होल्ट दोन्ही देणारे नग मिळतात. तीस-पस्तीस वॅट-तासांचा असेल तर चार वॅटचा १२ व्होल्टचा डीसी पंप सहा-सात तास ओढतो. जळगावच्या गोलाणी मार्केटसारख्या ठिकाणी मोबाइलच्या दुकानांत बघा, ॲक्वेरियमच्या दुकानात हा बहुधा नसतो.

घरचा इन्व्हर्टर: ताकद पुष्कळ, पण वाटेकरीही पुष्कळ

१२ व्होल्ट, १५० एएचच्या (अँपिअर-तासांच्या) ट्युब्युलर बॅटरीत १८०० वॅट-तास असतात. बॅटरी सत्तर टक्के उतरू दिली आणि इन्व्हर्टरची गळती वजा केली तर एक हजार ते अकराशे हाती येतात. दोन पंखे १५० वॅट, चार एलईडी ३६, राउटर १० आणि टाकीचा फिल्टर २०, असे २१६ वॅट झाले. पाच तास निघतात. त्यात १८० वॅटचा कूलर लावला की अडीच तासांवर येतं, कारण भार वाढला की शिसे-आम्लाच्या बॅटरीची क्षमताही थोडी घटते. बॅटरी तीन-चार वर्षांची असेल तर हे आकडे निम्मे धरा.

रात्री दोनला इन्व्हर्टर बसतो तेव्हा घरातली माणसं अंगणात किंवा गच्चीवर जाऊन झोपतात. टाकीकडे सकाळी लक्ष जातं. म्हणून घरात इन्व्हर्टर असला तरी टाकीसाठी वेगळी छोटी बॅटरी ठेवाच. एकट्या ५ वॅटच्या पंपासाठी हाच इन्व्हर्टर दोन-अडीच दिवस चालला असता, पण तेव्हाही त्यातली बहुतेक वीज पंपापेक्षा इन्व्हर्टर स्वतःच खातो. रिकामा चालू इन्व्हर्टरसुद्धा दहा-वीस वॅट घेतो. पंखे बंद करून फक्त टाकी चालवायची वेळ आली तर यूएसबी पंपच बरा.

नवीन घ्यायचा असेल तर साइन वेव्हचाच घ्या. स्क्वेअर वेव्हवर एअर पंपाची कॉइल आणि फिल्टरची मोटर मोठ्याने गुणगुणते, तापते आणि लवकर जळते. आधीचा स्क्वेअर वेव्ह असेल तर त्यावर टाकीचा फक्त एअर पंप चालवा, तोही तासाभराने हात लावून बघत.

टाकीजवळचं सॉकेट इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे का ते गृहीत धरू नका. मेन स्विच बंद करून बघा. बऱ्याच घरांत पंखे आणि दिव्यांचेच पॉइंट इन्व्हर्टरवर असतात. वायरमनकडून लाइन ओढून घेताना इन्व्हर्टरचा न्यूट्रल वेगळा ठेवायला सांगा, तो मेनच्या न्यूट्रलशी मिसळला तर आरसीसीबी (गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) सारखा पडतो.

इन्व्हर्टरची बॅटरी टाकीखालच्या कपाटात ठेवू नका. चार्ज होताना ती हायड्रोजन आणि आम्लाची वाफ सोडते, आणि शेजारी ठेवलेला एअर पंप तीच हवा ओढून पाण्यात सोडतो. उष्णतेचाही हिशेब आहे. २५ अंशांच्या वर दर १० अंशांनी शिसे-आम्ल बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं. एप्रिल ते जून दर महिन्याला डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघा.

कॉम्प्युटरचा ६०० व्हीए यूपीएस पडून असेल म्हणून वापरायचा तर वापरा, पण मुद्दाम विकत घेऊ नका. त्याची ७ एएचची बॅटरी मुळातच लहान, आणि तो स्वतःच दहा-पंधरा वॅट खातो. ५ वॅटच्या पंपाला तीनेक तास पुरतो. काही यूपीएस एवढ्या कमी भारावर आपोआप बंदही होतात.

१२ व्होल्टची स्वतंत्र जोडणी

वादळात बारा-चोवीस तास लाइट जाणाऱ्या गावांसाठी आणि चार फुटी टाक्यांसाठी हे सगळ्यात भरवशाचं. लागणारं सामान: १२ व्होल्ट ७ किंवा १२ एएचची बंद बॅटरी, बॅटरी कायम भरलेली ठेवणारा १३.५ ते १३.८ व्होल्टचा फ्लोट चार्जर, १२ व्होल्टचा डीसी एअर पंप किंवा गाडीतला यूएसबी चार्जर व त्यावर यूएसबी पंप, २ अँपिअरचा फ्यूज होल्डरसह, २३० व्होल्ट कॉइलचा आठ पिनांचा रिले बेससह, आणि ०.७५ चौरस मिलीमीटरची वायर.

चार्जरचा करंट बॅटरीच्या एएचच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास ठेवा. ७ एएचला ०.७ अँपिअर. उन्हाळ्यात फ्लोट व्होल्टेज खालच्या बाजूला, साडेतेरावर ठेवलं तर बॅटरी फुगत नाही.

बॅटरीच्या धन टोकाला शक्य तितक्या जवळ फ्यूज लावा. तिथून रिलेच्या एक नंबरच्या पिनला, आणि चार नंबरवरून पंपाच्या धन वायरीला. पंपाची ऋण वायर सरळ बॅटरीच्या ऋण टोकाला. रिलेची कॉइल, म्हणजे दोन आणि सात नंबरच्या पिना, मेन लाइनवर. लाइट असताना कॉइल ओढलेली राहते, एक-चारचा संपर्क तुटलेला असतो आणि पंप बंद. लाइट गेली की संपर्क जुळतो आणि पंप सुरू. रिलेच्या अंगावर आकृती छापलेली असते, तिच्याशी पिनांचे नंबर ताडून बघा. २३० व्होल्टची बाजू वायरमनकडून करून घ्या आणि रिले झाकणाच्या डब्यात, टाकीपासून दूर, भिंतीवर बसवा.

७ एएचची बॅटरी ८४ वॅट-तासांची. निम्मीच वापरायची, म्हणजे ४२. गाडीच्या चार्जरमधली गळती काढून दीड वॅटचा यूएसबी पंप जवळपास एक दिवस चालतो. ४ वॅटचा डीसी पंप थेट जोडला तर दहा तास. विश्रांतीत मीटरवर १२.८ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. त्याखाली वारंवार उतरवली तर वर्षभरात ती चार्ज धरेनाशी होते.

शेतकरी घरात बॅटरीचा फवारणी पंप असतोच. त्यातली १२ व्होल्ट ८ किंवा १२ एएचची बॅटरी अडचणीला कामी येते. मात्र अख्खा फवारणी पंप टाकीजवळ आणू नका. बॅटरी बाहेर काढा, ओल्या फडक्याने पुसा, हात साबणाने धुवा आणि मगच टाकीच्या वायरीला हात लावा. कीटकनाशकाचे अगदी थोडे अंशही माशांना पुरेसे असतात.

सोलरबद्दल थोडक्यात. मळ्यात टाकी असेल तर ४० वॅटचं पॅनल, चार्ज कंट्रोलर आणि २० एएचची बॅटरी पुरे. पाच तासांच्या कडक उन्हात १३० वॅट-तास मिळतात, पंप आणि छोटा पंखा मिळून ऐंशीच्या आत राहतात. कंट्रोलरला आधी बॅटरी जोडा, नंतर पॅनल. श्रावणात सलग ढग असले की उत्पन्न पाव हिश्श्यावर येतं. जनरेटर फक्त बॅटऱ्या परत भरायला तासभर लावा, आणि घराबाहेर, खिडक्यांपासून दूर. त्याचा धूर बंद खोलीत माणसालाच मारतो.

उष्णतेचा बंदोबस्त

हवा मिळाली तरी ३५ अंशांच्या पुढे बहुतेक मासे टिकत नाहीत. इथे आपली कोरडी हवा मदतीला येते. १०० लिटरच्या टाकीतून एक लिटर पाणी वाफ होऊन गेलं तर ते साडेपाच-सहा अंशांएवढी उष्णता घेऊन जातं. बाहेरून उष्णता येतच असते, म्हणून प्रत्यक्षात दोन ते चार अंशांचा फरक पडतो. झाकण काढा, उड्या मारणारे मासे असतील तर जाळी टाका, आणि दोन-तीन वॅटचा यूएसबी पंखा पाण्यावर तिरका लावा. पावसाळ्याच्या दमट हवेत याचा उपयोग फारसा होत नाही.

फ्रीजरमध्ये एक-एक लिटरच्या दोन बाटल्या कायम गोठवून ठेवा, वर बोटभर जागा सोडून, नाहीतर बर्फ होताना बाटली फाटते. एक लिटरची गोठलेली बाटली १०० लिटर पाणी साधारण एका अंशाने थंड करते. तासाला एका अंशापेक्षा जास्त उतरवू नका. एकदम थंड झालेल्या पाण्यानेही मासे दगावतात. बर्फ सुटा टाकायचा नाही, बंद बाटलीच तरंगू द्यायची. मोठ्या टाकीला बाटल्यांनी फारसं काही होत नाही, तिथे पंखाच.

डिसेंबर-जानेवारीत इकडे रात्री पारा दहाच्या खाली येतो, म्हणून काही जण हीटरसाठी इन्व्हर्टर मागतात. १०० वॅटचा हीटर बॅटरीवर चालवणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी. टाकीला तिन्ही बाजूंनी गोधडी गुंडाळा, वरून हवेला थोडी फट ठेवा. शंभर लिटर पाणी रात्रभरात हळूहळूच उतरतं.

लाइट गेल्यावर

खायला घालू नका. देखभालीचा मेसेज आधी आला असेल तर आदल्या रात्रीपासूनच बंद. एक-दोन दिवस उपाशी राहून मोठा मासा मरत नाही, पण पोट भरलेला मासा जास्त ऑक्सिजन खातो आणि घाणही करतो. झाडांच्या टाकीत कार्बन डायऑक्साइड सोडत असाल तर तो आधी बंद करा.

डासांसाठी कॉइल किंवा फवारा टाकीच्या खोलीत वापरू नका. लाइट गेली, पंखा बंद झाला की हात तिकडेच जातो. एअर पंप खोलीतलीच हवा पाण्यात सोडतो.

बॅटरीही संपली तर तांब्याने टाकीतलंच पाणी घेऊन फूटभर उंचीवरून धार सोडा, दर अर्ध्या तासाने पाच मिनिटं. कंटाळवाणं आहे, पण चालतं. पाणी बदलायचं तर पाव हिश्श्यापेक्षा जास्त नाही. लाइट नसताना बोअरची मोटरही नसते आणि नळाला कित्येक गावांत तीन-चार दिवसांआड पाणी येतं, म्हणून टाकीच्या पाव हिश्श्याएवढं क्लोरीन काढलेलं पाणी एका ड्रममध्ये नेहमी भरून ठेवा. बोअरचं ताजं पाणी तर कधीच थेट ओतू नका, त्यात ऑक्सिजन कमी असतो. एक दिवस उघडं ठेवा किंवा एअर स्टोन सोडून मग वापरा.

लाइट आल्यावर

फिल्टर, हीटर, चिलर यांचे स्विच लाइट जाताच बंद करून ठेवलेले बरे. लाइट येताना व्होल्टेज उड्या मारतं, पाच-दहा मिनिटं थांबून चालू करा. हीटर चालू करण्याआधी तो पूर्ण पाण्यात बुडालेला आहे ना ते बघा, कारण उघड्यावर तापलेली काच तडकते. हँग-ऑनमध्ये हवा अडकली असेल तर तो कोरडाच फिरतो, त्यात मगभर पाणी ओतून मग चालू करा.

कॅनिस्टर फिल्टर दोन-तीन तासांहून जास्त बंद राहिला असेल तर तसाच चालू करू नका. आतल्या बंद पाण्यातला ऑक्सिजन संपून जिवाणू मरू लागलेले असतात. स्विच दाबताच ते काळपट, वास मारणारं पाणी थेट टाकीत येतं. फिल्टर उघडा, आतलं पाणी ओतून द्या, मीडिया, म्हणजे जिवाणू धरणारा आतला भरणा, टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात हलका खंगाळा आणि मग जोडा. नळाच्या पाण्यात धुतलं तर उरलेले जिवाणूही जातात. त्यानंतर तीन दिवस खाणं निम्मं, आणि अमोनियाची टेस्ट किट असेल तर रोज एकदा तपासणी.

मार्चच्या शेवटी एका रविवारी सकाळी टाकीचा मेन स्विच मुद्दाम बंद करून सगळी जोडणी सलग सहा तास चालवून बघा. सुरुवातीला आणि शेवटी बॅटरीचं व्होल्टेज कागदावर लिहून कपाटाला चिकटवा. पुढच्या मार्चला तोच पंप, तेवढाच वेळ चालवून आकडा ताडा. गेल्या वर्षी सहा तासांनी १२.५ होता आणि आता १२.० आहे, तर वादळाची वाट न बघता बॅटरी बदला. नॉन-रिटर्न व्हॉल्वचं रबर उन्हाने कडक होतं, तेही त्याच दिवशी नवीन टाका.